'दिवाळीच्या मुळा' म्हणजे 'दिवाळीमुळे' नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी नात खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत आठवीत शिकते. पाठांतरासाठी तिला तुकोबांचा 'भेटीलागी जीवा लागलीसे आस' हा अभंग मिळाला, सोबत अर्थाचे टिपण. 'दिवाळीच्या मुळा लेकी आसावली' या ओळीपुढे लिहिले होते, 'दिवाळीमुळे मुलगी आतुर झाली आहे.' मी ते दोनदा वाचले. भाजीतला मुळा असा अर्थ कुणी दिला असता तर चूक लगेच हाती लागली असती. ही मात्र खपून जाते, कारण अर्थ लागल्यासारखा वाटतो. पण ओळीतला माणूसच त्यात नाहीसा होतो, म्हणून हे पत्र.

इथे मूळ म्हणजे सासरी असलेल्या लेकीला न्यायला माहेराहून आलेले बोलावणे. ते घेऊन येणारा तो मुराळी. दिवाळी काय, तिथीप्रमाणे येणारच. लेकीचे डोळे दाराकडे आहेत. मूळ आले नाही तर सण आला काय नि गेला काय, तिला सासरीच राहायचे. तुकोबा पंढरीकडे डोळे लावून बसले आहेत ते असे. आपल्या पायांनी निघता येत नाही, तिकडून कुणीतरी न्यायला यायला हवे. 'दिवाळीमुळे' म्हटले की ती सगळी तगमग जाते आणि नुसती सणाची हौस उरते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला आमच्याकडे चार दिवस पाऊस उघडला नव्हता. आता कोण येतंय, असे म्हणून मी गोठ्यात शेण भरत होते. तेवढ्यात सासूबाईंनी हाक मारली, "मूळ आलंय गे तुझं, कापडं भर." दारात वडील उभे होते, डोक्यावर गोणपाटाची खोळ, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. हातात तंबिटाच्या लाडवांचा डबा, तेवढा कोरडा. त्या दिवसापासून ही ओळ भजनात आली की मला खोळच दिसते. शेजारच्या कन्नड बायकांच्या पंचमीच्या गाण्यांतही अण्णा 'करियाक', म्हणजे बोलवायला, कधी येणार हीच ओढ असते. त्यांना हा अभंग समजावून सांगताना मला कधी अडचण आली नाही.

टिपण लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. शब्दच मोठा अवघड आहे. 'पावसामुळे', 'तुझ्यामुळे' यांतले 'मुळे' याच मुळातून आले, तेव्हा नजर तिकडे जाणे साहजिक आहे. ज्ञानेश्वरीच्या पंधराव्या अध्यायात मूळ वर आहे आणि फांद्या खाली, कारण ते संसारवृक्षाचे मूळ, म्हणजे ब्रह्म. रामदासांच्या मनाच्या श्लोकांत पहिल्याच श्लोकात 'मुळारंभ आरंभ तो निर्गुणाचा' म्हटले आहे, तिथे मूळ म्हणजे सगळ्याच्या आधीचे. एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती मूळ पाठासाठी. पोर पहिल्यांदा गिरवते ती मुळाक्षरे. कुणी वाईटावर असला तर तो मुळावर उठतो. मूळ नक्षत्र, सत्ताविसांतले एकोणिसावे, त्याचे तर मला नेहमी नवल वाटते. त्यावर मूल जन्मले की घरचे धास्तावतात आणि नवरात्रात सरस्वतीचे आवाहन करतात ते त्याच नक्षत्रावर. आणि नदीचे मूळ विचारू नये म्हणतात, पण आमची मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, तिथले लोक पाहुण्याला हौसेने ते मूळ दाखवायला नेतात.

आमच्या सीमाभागातल्या मुलांना याहून एक जास्तीची अडचण आहे. कन्नडमध्ये 'मूल' म्हणजे उगम, तिथवर ठीक. पण 'मूळे' म्हणजे हाड आणि 'मूले' म्हणजे कोपरा. दिवसभर दोन्ही भाषा कानांवर घेणाऱ्या पोराला 'मुळा' शब्दाचा अर्थ एका ओळीत उरकून कसा कळेल? त्यातून हा सासर-माहेरचा अर्थ आता घरांतूनच चालला आहे. लेकी बसने, स्कूटरवरून आपल्या आपण येतात, आणि ते चांगलेच आहे, आमच्यासारखे कुणाच्या येण्यावर अडून राहावे लागत नाही. पण चाल मोडली तरी तिचा शब्द अभंगात आहे, तो तरी पोरांना खरा कळू द्या.

शिक्षकांना माझी विनंती आहे, असा शब्द आला की मुलांना घरच्या आजीला विचारून यायला सांगा. नंदगड, जांबोटी, कणकुंबीकडे मुळाला गेलेली नि मूळ आलेली माणसे अजून आहेत. आणि आपण आपल्या अंकात अशा जुन्या शब्दांसाठी आठवड्याला चार ओळींची जागा द्यावी. वाचक मजकूर पाठवतील, मी पहिली.

नातीने टिपणातली ओळ खोडून तिथे 'न्यायला आलेला माणूस' असे लिहिले आहे. माझी लेक चिकोडीला दिली आहे. यंदा दिवाळीला मुलगा म्हणाला, "फोन केला की येईल की ती." मी म्हटले, फोन नको, तू जा. तो गेला, आणि नात हट्टाने त्याच्याबरोबर गेली. आत्याच्या दारात उभी राहून तिने मोठ्याने हाक मारली म्हणे, "आत्या, मूळ आलंय!"

– एक आजी, ता. खानापूर, जि. बेळगाव