सोलर पॅनलसाठी पण पीस क्लॉज मागा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सध्या रूफटॉप सोलरचं कोटेशन मागवलं की दोन रेट येतात, डीसीआर (देशी मालाच्या अटीतलं) आणि नॉन-डीसीआर. 3 किलोवॅटची 78,000 रुपये सबसिडी हवी तर डीसीआरच घ्यावं लागतं, म्हणजे पॅनलमधला सेल (उन्हापासून वीज करणारा भाग) पण भारतात बनलेला आणि पॅनल पण, आणि ते महाग पडतं. लोक विचारतात ही अट कशाला, पण अशाच अटीवरून आपण जागतिक व्यापार संघटनेत केस हरलोय हे फार जणांना माहीत नाही. म्हणून सोलरसाठी पण पीस क्लॉज, म्हणजे यावरून केस करायची नाही अशी हमी, मागायला हवी असं मला वाटतं.

2010 च्या सौर मिशनमध्ये सरकार सौर वीज बनवणाऱ्या कंपन्यांना म्हणालं, तुमची वीज 25 वर्षं घेतो, पण सेल आणि पॅनल इथलेच लावा. 2013 ला अमेरिकेने तक्रार केली, की संघटनेच्या नियमाप्रमाणे देशी आणि बाहेरच्या मालात असा भेदभाव करता येत नाही. ही सरकारी खरेदी आहे आणि देशात सेलचं उत्पादन कमी पडतंय म्हणून सूट द्या, असं आपलं म्हणणं होतं. सप्टेंबर 2016 ला संघटनेच्या अपील मंडळाने सांगितलं की सरकार वीज विकत घेतं, सेल नाही, त्यामुळे सरकारी खरेदीची सूट लागू नाही, आणि तुटवडा म्हणाल तर बाहेरचा माल भरपूर मिळतोय. मला हे अजिबात पटत नाही, अहो बाहेरचा माल स्वस्तात भरपूर मिळतो म्हणूनच तर इथले कारखाने उभे राहत नाहीत!

अमेरिकेतल्या काही राज्यांच्या अशाच योजनांवर आपण उलट केस केली आणि 2019 ला जिंकलो, त्यांनी अपील केलं आणि त्याच डिसेंबरात अपील मंडळच ठप्प झालं, कारण नवीन सदस्य नेमायला अमेरिकाच अडवत होती. 2022 ला तर त्यांनी कायदाच केला की अमेरिकन माल वापरा, जादा टॅक्स क्रेडिट घ्या. 2023 ला दोन्ही देशांनी या केसेस आपसात मिटवल्या, पण मिटलं ते दोघांपुरतं, मूळ नियम आहे तिथेच आहे.

भारत, अमेरिका, चीन आपापलं निभावून नेतील. पण 2015 ला पॅरिसमध्ये आपणच पुढाकार घेऊन इंटरनॅशनल सोलर अलायन्स ही सौरऊर्जेसाठी देशांची संघटना काढली, मुख्यालय गुरुग्रामला आहे, त्यात आफ्रिकेतले कितीतरी छोटे देश आहेत, त्यांना उद्या स्वतःचा पॅनलचा कारखाना काढायचा असेल तर त्यांनी कोणाच्या जोरावर काढायचा?

2013 ला जागतिक व्यापार संघटनेच्या बालीच्या परिषदेत सरकारी धान्यसाठ्यासाठी भारताने भांडून पीस क्लॉज मिळवला, म्हणजे त्या साठ्यावरून केस करायची नाही असं ठरलं. तसाच सोलरसाठी मागायला हवा, ठरावीक वर्षांपुरता, कारण कायमची सूट दिली तर कारखानदार आळशी होतील आणि महाग पॅनलचा भुर्दंड ग्राहकालाच बसत राहील. अलायन्समधल्या देशांना सोबत घेऊन भारताने हा प्रस्ताव व्यापार संघटनेच्या पुढच्या मंत्री परिषदेत मांडावा, आणि आपल्या खासदारांनी वाणिज्य मंत्र्यांना संसदेत याबद्दल विचारावं ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सोलापूर