ती बॅटरी मी पाठवणार नाही

गोरेगाव, मुंबई

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

वर्सोव्याच्या खाडीत पडलेल्या ड्रोनची बॅटरी आता सुकली असेल, एकदा चार्ज करून बघा आणि नागपूरला कुरियर करा, असा तुझा निरोप आईने दिला. मी ती चार्ज केलेली नाही आणि पाठवणारही नाही. फोनवर हे सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं की बाबा उगाच घाबरतात. म्हणून नीट लिहून कळवतोय.

बटण दाबलं की चारपैकी तीन दिवे लागतात, हे तू म्हणालीस ते खरं आहे. पण तुझी सगळी भिस्त त्या दिव्यांवर आहे आणि माझा आक्षेपही तिथेच आहे. आतल्या सर्किट बोर्डाला जे कळतं तेवढंच ते दिवे दाखवतात, आणि तो बोर्ड खाऱ्या पाण्यात बुडून आलाय. तुझ्या बॅटरीत तीन सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. चार्जिंग चालू असताना प्रत्येक सेलवर वेगळं लक्ष ठेवायचं, एखादा आधी भरला तर त्याला आवरायचं, तापला तर पुरवठाच तोडायचा, ही सगळी कामं त्या बोर्डाची. साध्या लिथियम पॉलिमर सेलची कमाल मर्यादा ४.२ व्होल्ट, ड्रोनच्या काही बॅटऱ्यांत जराशी जास्त. त्यापुढे गेलं की आत लिथियम धातूचा थर साचायला लागतो, वायू धरतो, सेल फुगतो. गंजलेल्या बोर्डाने व्होल्टेज कमी वाचलं तर चार्जर सेल भरतच राहणार. राखणदारच बुडालाय, आणि घर सुरक्षित आहे का हे आपण त्यालाच विचारतोय.

तू म्हणशील, बाबांनी डेपोत जन्मभर भिजलेल्या बॅटऱ्या चालू केल्या, मग हीच का नाही? केल्या, खरं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर आम्ही चिखलातून बॅटऱ्या काढून धुतल्या, ॲसिड बदललं, सावकाश चार्ज केल्या आणि बऱ्याचशा पुन्हा गाडीवर चढल्या. पण त्या शिसं-ॲसिडच्या. त्यांच्यात मुळातच पाणी असतं, आम्हीच डिस्टिल्ड वॉटर ओतायचो. लिथियमच्या सेलला आत थेंबभर पाणीही चालत नाही. कारखान्यात ते मुद्दाम कोरड्या ठेवलेल्या हवेच्या खोल्यांत बनवतात. सेलची पिशवी कुठे जरी उसवली असेल आणि पाणी आत गेलं असेल, तर सेलमधल्या लिथियमच्या क्षाराशी मिळून हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होतं. ते अंगावरही वाईट आणि श्वासातही वाईट. म्हणून ती बॅटरी उघडून बघायचा मोह मी आवरला, आणि तुझ्या मित्रांपैकी कुणी उघडून देतो म्हणाला तर त्यालाही नको म्हण.

आईने तांदळाच्या डब्यात ठेवायचं सुचवलं होतं. तांदूळ फार तर ओल ओढेल, मीठ तसंच राहणार. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पावसाळ्यात खाडी थोडी कमी खारट असेल, पण विजेला वाट मिळायला तेवढं पुरे. पाणी उडून गेलं तरी ते मीठ बोर्डाच्या बारीक रेघांमध्ये बसून राहतं, आपल्याकडची दमट हवा त्याला पुन्हा ओलं करते, आणि तांबं हळूहळू खाल्लं जातं. टर्मिनलवर हिरवट पांढरा थर आत्ताच दिसतोय. मोबाइल किंवा ड्रोनचा सांगाडा बॅटरी काढून निर्जीव करता येतो आणि मग धुता येतो. बॅटरीला बंद करता येत नाही. बटण बंद असलं तरी सेल बोर्डाला जोडलेलेच असतात. आज ठीक वाटलेली बॅटरी चार दिवसांनी शॉर्ट होऊ शकते ती यामुळेच.

ड्रोन बनवणाऱ्या डीजेआय कंपनीच्या सुरक्षा-सूचनाही हेच सांगतात: पाण्यात पडलेली बॅटरी मोकळ्या जागी ठेवा, पूर्ण सुकेपर्यंत तिच्यापासून लांब राहा आणि ती पुन्हा कधीही वापरू नका. पावसाचे चार थेंब वरच्या कवचावर पडले, बॅटरी ड्रोनमध्ये घट्ट बसलेली होती, टर्मिनल कोरडे आहेत, तर पुसून, तपासून, समोर बसून चार्ज करायला मी स्वतः हो म्हणेन. बुडालेल्या बॅटरीला नाही. ती हवेतच बंद पडली तर ड्रोन लग्नाला आलेल्या वऱ्हाडाच्या डोक्यावर येईल. आणि तू रात्री पलंगाखाली चार्जिंगला लावून झोपतेस, ते मला माहीत आहे. दोन ध्रुवांमधला प्लास्टिकचा पडदा साधारण १३० अंशांना वितळू लागतो. तिथून पुढे सेल स्वतःच स्वतःला तापवतो, प्लग काढून उपयोग होत नाही. तुझ्या खोलीत आणखी दोघी झोपतात गं.

कुरियरचं तर विचारूच नकोस. खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने नेता येत नाही, आणि पार्सलवर 'कॅमेऱ्याचं सामान' लिहून ती पाठवणं माझ्याच्याने होणार नाही.

सध्या ती गच्चीवरच्या पत्र्याखाली, कोरड्या रेतीच्या कुंडीत आहे, टर्मिनलला चिकटपट्टी लावून. जवळपास जळण्यासारखं काही नाही. घंटागाडीत टाकणार नाही, कारण तिथे कचरा दाबला जातो आणि तो हाताळणाऱ्या माणसांना आत काय आहे ते कळणार नाही. भंगारवाल्यालाही देणार नाही, तो ती फोडेल. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सर्व्हिस सेंटरला फोन करून भिजलेली आहे हे आधी स्पष्ट सांगेन आणि ते म्हणतील तशी स्वतः नेऊन देईन.

नागपूरचं काम उरलेल्या दोन बॅटऱ्यांवर भागव. लग्नातल्या मुख्य विधींसाठीच ड्रोन उडव, बाकीचं खालून घे. नव्या बॅटरीचे पैसे मी आज तुझ्या खात्यात टाकतोय, परत करायची घाई नको. आणि ज्या चार्जिंग हबमध्ये तू ही ओली बॅटरी त्या संध्याकाळी ठेवली होतीस, त्याच्या पिना भिंगाने बघ. हिरवट काही दिसलं तर चांगल्या बॅटऱ्या त्यात घालू नकोस, मला फोटो पाठव.

तुझे,
बाबा