उज्जूचं घड्याळ माझ्याकडे आलंय

प्रिय नंदे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जागच्या जागी आहेत. फोनच करणार होते, पण फोनवर तू तिसऱ्या वाक्याला मला तोडतेस आणि मग आपलं बोलणं तुझ्या सासूबाईंवर जाऊन संपतं. हे मला शेवटपर्यंत सांगायचंय. इतके दिवस एक ओळ टाकली नाही त्याच्या शिव्या भेटल्यावर घाल. तब्येत ठीक. गुडघा होता तसाच आहे, यांची शुगर ताब्यात आहे असं हे म्हणतात.

तर, उज्जूचं घड्याळ माझ्याकडे आलंय. तेच, टोकियो ऑलिंपिकसाठी ओमेगाने काढलेलं.

वर्षा उज्जूकडून आली. सगळ्यांच्या वस्तू वाटून झाल्यावर पर्समधून एक डबा काढून म्हणाली, "हे उज्जूताईने तुला दिलंय." मला वाटलं परफ्यूम असेल. उघडला तर पांढरी तबकडी, निळी बेझेल, म्हणजे काचेभोवतीचं फिरतं कडं, आणि सेकंदकाट्यावरचा तो लाल ठिपका. सोबत चिठ्ठी, तिच्या त्या ठोकळ्या अक्षरात: "तू वापर, नाहीतर नंदाला दे. मला आता जड होतं." बस. खाली नावसुद्धा नाही.

आता हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, भारीच मैत्रीण आहे, एवढं महागाचं घड्याळ देऊन टाकलं. यांनीही तेच म्हटलं, आणि लगेच स्वतःच्या मनगटावर घालून बघितलं. तुला मात्र कळेल मला रात्री झोप का लागत नाही ते. जी बाई ते घड्याळ घालून झोपायची, तुझ्या वास्तुशांतीला मेंदी काढणारीला "घड्याळाच्या भोवतीने काढ" म्हणाली, ती चिठ्ठी लिहून ते असं पाठवून देते?

त्या वास्तुशांतीलाच तिने तुझ्या सासूबाईंना हेलियमचा व्हॉल्व्ह समजावून सांगितला होता, आठवतं? समुद्राच्या तळाशी काम करणारे डायव्हर दिवसेंदिवस दाबाच्या खोलीत राहतात, तिथल्या हवेत हेलियम असतो, त्याचे अणू इतके बारीक की ते घड्याळात शिरतात, आणि दाब कमी करताना त्यांना बाहेर पडायला वाट नसेल तर काचच उडते. सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण गजर आहे का गं यात?" 600 मीटर खोलीचं घड्याळ, आणि मालकिणीला कानाच्या पडद्यापायी डोकंसुद्धा पाण्याखाली घालायची बंदी. मी एकदा म्हटलं होतं तिला, तुला पावसाळी चपलांचं सुद्धा जास्त काम पडतं. चार दिवस अबोला धरला होता.

पण तिला ते पाण्यासाठी हवंच नव्हतं गं. तिला ते वेळेसाठी हवं होतं. पोहणं बंद झालं त्याच आठवड्यात सरांकडून स्टॉपवॉच मागून घेऊन ती काठावर उभी राहिली, तेव्हापासूनची गोष्ट आहे ही. 1932च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला ओमेगाचा एक कारागीर 30 स्टॉपवॉच घेऊन गेला आणि तेवढ्यावर सगळी स्पर्धा मोजली गेली, हे तिने आपल्याला किती वेळा ऐकवलं असेल! त्या माणसाचा तिला हेवा वाटायचा. आपल्याला हेवा वाटायचा तो पोहणाऱ्यांचा.

आणि तो रिले. नाही, मी तो विषय काढणार नव्हते, पण काढल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. तू म्हणतेस तुझा हात आधी लागला. तिचं घड्याळ म्हणालं दुसरा. पंचांना शंका होती, ते तुझ्या बाजूला झुकलेही असते, आणि आपल्याच उज्जूने पुढे होऊन आपल्याच विरुद्धची वेळ वाचून दाखवली. त्या दिवसापासून तू लार्सन आणि ती रोमचे पंच. खरं तर तुझी उपमाच उलटी आहे, हे मी तुला आज लेखी देते. 1960च्या रोम ऑलिंपिकला 100 मीटर पोहण्यात अमेरिकेच्या लान्स लार्सनला तीन टायमरांनी 55.0, 55.1, 55.1 दिले होते आणि ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिटला तिघांनीही 55.2. घड्याळं लार्सनच्या बाजूची होती, मुख्य पंचाने डोळ्यांवर विश्वास ठेवून सुवर्ण डेव्हिटला दिलं. म्हणजे उज्जू रोमचा पंच नव्हती, ती घड्याळवाली होती. त्या भांडणाला कंटाळूनच भिंतीवर हात टेकताच वेळ थांबवणारे टच पॅड आले, 1968च्या मेक्सिकोत ते ऑलिंपिकला पहिल्यांदा लागले. आपल्या तलावाला कुठले पॅड! आपल्याकडे उज्जूचा अंगठा होता. तो चुकू शकतो हे तीही मान्य करायची, फक्त "त्या दिवशी नाही चुकला" म्हणायची.

असो. मुद्द्यावर येते.

तिने टोकियोची तिकिटं काढली ती तिघींची, आणि सगळी जलतरणाची. घड्याळ स्वतःसाठी. जे वर्ष तितकीच घड्याळं काढलेली, 2020, आणि त्यातलं एक आपल्या उज्जूच्या हातावर, हे मला तेव्हाही जरा चमत्कारिकच वाटलं होतं. मग मार्चमध्ये स्पर्धाच वर्षभर पुढे गेली. नाव तेवढं 2020च राहिलं, पदकांवरसुद्धा तेच कोरलं. पुढच्या मार्चला परदेशी प्रेक्षक नकोत असं ठरलं आणि आपली तिकिटं संपली. तेव्हा तू ग्रुपवर लिहिलंस, "घड्याळाचेही पैसे परत माग, तारीख उलटलीय त्याची." मी हसले होते. सगळेच हसलो. उज्जूनेही हसरा चेहरा टाकला. पण त्यानंतर तुमचं दोघींचं वाढदिवसापुरतं झालं, हे तू कितीही नाकारलंस तरी मला दिसतं.

अगदीच तोडलं होतं असंही नाही म्हणा. त्या ऑगस्टमध्ये टोकियोत उंच उडीत बार्शिम आणि तांबेरी दोघेही 2.37वर अडले, आणि उडी लढवत बसण्याऐवजी बार्शिमने अधिकाऱ्याला विचारलं, दोघांना सुवर्ण देता येईल का, आणि मिळालं. तू उज्जूला लगेच मेसेज टाकलास, "बघ, असं असतं खेळात." तिने उत्तर पाठवलं, "उंच उडीत स्टॉपवॉच नसतं." मला दोघींचा इतका राग आला होता आणि इतकं हसू आलं होतं की काय सांगू. नीरजच्या भाल्याच्या दिवशी ती व्हिडिओवर रडत होती तेव्हा ते घड्याळ कॅमेऱ्यासमोर होतं, डोळे त्याच हाताने पुसत होती.

आता काय झालंय ते ऐक. मी कुणाला बोललेली नाही.

पहिली गोष्ट. डबा उघडला तेव्हा घड्याळ बंद होतं. त्याला सेल नाही, हात हलतो तशी त्याला आपोआप चावी बसते, आणि काढून ठेवलं की पूर्ण चावीवर 55 तास चालतं. हे मला तिच्यामुळेच पाठ आहे. तारखेच्या खिडकीत 27 होती. वर्षा निघाली 12ला. वर्षा म्हणते, ताईने निघायच्या रात्री कपाटातून डबा काढून दिला. म्हणजे घाईघाईत हातातून काढून दिलेलं नाही, त्याच्या कितीतरी आधीपासून ते हातात नव्हतंच. तू म्हणशील ही गुप्तहेर झाली. म्हण.

दुसरी गोष्ट, आणि खरी हीच. मी ते घालून बघितलं. माझ्या हातात ते बसेना. नंदे, माझ्या! तुझ्या लग्नात कासाराने मला सव्वादोनच्या बांगड्या भरल्या आणि उज्जूला अडीचच्याही चढेनात, साबण लावून भरल्या, आणि तू खुर्चीवर बसून पोट धरून हसत होतीस. त्या उज्जूच्या घड्याळाचा पट्टा माझ्या मनगटाला अपुरा पडतो. डायव्हिंगच्या सूटवरून घालता यावं म्हणून क्लास्पमध्ये, म्हणजे पट्ट्याच्या खटक्यात, पट्टा वाढवायची सोय असते, ती पूर्ण ओढली तेव्हा कुठे क्लास्प लागलं. डब्याच्या तळाशी कापडी पिशवीत पट्ट्यातून काढलेल्या लिंक, म्हणजे कड्या, होत्या. एकदा मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. हे एका वेळी झालेलं नाही. काही लिंक घासून बोथट झालेल्या, बऱ्याच वापरलेल्या. म्हणजे आधी काही काढल्या, तसं वापरलं, मग अजून काढल्या, अजून वापरलं, आणि मग ते जड व्हायला लागलं.

वर्षाला सहज विचारल्यासारखं विचारलं, "कशी दिसते गं उज्जू?" तर ती उजळून म्हणाली, "मस्त! कसली बारीक झालीये!" आपल्याकडे बायका बारीक झाल्या की अभिनंदनच करतात. मी पुढे काही विचारलं नाही.

काकूंच्या बांगड्या शेवटी शेवटी कोपरापर्यंत जायच्या, ते तूच मला दाखवलं होतंस.

मी मनाची समजूत घालायचे सगळे उपाय करून पाहिले. पैशाची अडचण म्हणावी तर तिने ते विकलं असतं, असं घड्याळ घेणारे टपून असतात. प्रकाशशी बिनसलं असेल म्हणावं तर घड्याळ त्याने दिलेलं नाही, रागाने परत करायला. व्यायाम करत असेल, डाएट असेल, हेही म्हणून झालं. उज्जू आणि डाएट! मग वाटतं, उगाच राईचा पर्वत करतेय, पन्नाशीनंतर माणसाला खरंच वस्तू नकोशा होतात, मी नाही का कपाटं रिकामी करत सुटले? पण मी कपाटातलं दिलं गं. हातातलं नाही.

मी तिला फोन केला होता. अगदी गोड बोलली. घड्याळ मिळालं ना, घाल, ठेवू नकोस डब्यात, आणि बेझेल उलटी फिरवायचा प्रयत्न करू नकोस, ती एकाच बाजूला फिरते, मोडशील. का एकाच बाजूला, तेही ऐकवलं: पाण्यात चुकून धक्का लागला तर उरलेला वेळ कमी दाखवावा, जास्त दाखवू नये, म्हणून. म्हटलं, बाई, मी कुठे पाण्यात जातेय. हसली. हसता हसता खोकली, आणि "कुकर लावलाय" म्हणून ठेवला. कुकरचा आवाज नव्हता.

मला ती काही सांगणार नाही. मला ती नेहमीच सांभाळून घेते, मी रडते म्हणून. तुला खोटं सांगणं तिला जमत नाही. तुझ्याशी ती भांडते, आणि भांडताना ती खरं बोलते, हा माझा आजवरचा अनुभव आहे. म्हणून हे एवढं लांबण.

तू फोन कर. "कशी आहेस" विचारू नकोस, त्याला ती "मजेत" म्हणेल आणि संपलं. रिलेचं काढ. लार्सनचं काढ. म्हण की घड्याळ या बयेला का पाठवलंस, हक्क माझा होता, त्या रिलेची भरपाई म्हणून. चिडू दे तिला. चांगली चिडली की मग विचार डॉक्टर कोण आहे आणि काय म्हणाला. आणि जमलं तर त्या तारीख उलटल्याच्या वाक्याचं काहीतरी कर. माफी मागायला सांगत नाही, ते तुला जमणार नाही आणि तिला आवडणार नाही. तूच बघ कसं करायचं ते.

जायचं ठरलं तर मी येते तुझ्याबरोबर. पासपोर्टची मुदत आहे, बघून ठेवली. यांना अजून सांगितलेलं नाही.

चिन्मयला हवी ती ब्रँच मिळाली हे वर्षाकडूनच कळलं, त्याला माझे आशीर्वाद सांग आणि मला सांगितलं नाहीस म्हणून तुला एक फटका. किचनचं काम संपलं का? सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी आहे ते कळव, मी राहायला येऊ शकते.

बाकी काही नाही. आज-उद्याच फोन कर तिला, रविवारची वाट बघू नकोस.

तुझीच,
सुमी

ता. क. लिंकबद्दल तिच्यापाशी चुकूनही बोलू नकोस. मी मोजल्या हे तिला कळलं तर ती तुझ्याशी भांडायचीही बंद होईल.