मित्रास पत्र: गिअरबॉक्सच्या आधी रेडिएटर बघ

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

गाडी विकायला काढलीस असं वहिनींकडून कळलं. फोनवर अर्धवट बोलणं होतं, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय. जरा थांब. तुझी नि माझी ऑटोमॅटिक गाडी एकाच मॉडेलची, वयानेही बरोबरीची, आणि वहिनींनी सांगितलेलं दुखणं माझ्या ओळखीचं आहे. गिअरचा दांडा डी वर, म्हणजे पुढे जायच्या खाचेत, टाकला की गाडी क्षणभर हलतच नाही, मग धाडकन झटका देते, आणि चढाला इंजिन नुसतं ओरडतं.

माझ्या गाडीचं हे फोंडा घाटात उघड झालं. आप्पांना घेऊन कोल्हापूरला निघालो होतो. दुसऱ्यातून तिसरा पडताना आरपीएमचा काटा चार हजारांवर गेला आणि स्पीड मात्र तिथल्या तिथेच. दाजीपूर येईपर्यंत जळक्या तेलाचा वास सुटला. पुढे एका मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला, पी०७०० आणि पी०७३३ असे कोड निघाले, आणि लगेच निकाल: गिअरबॉक्स गेला, नवा टाका नाहीतर गाडी मोडीत द्या. नव्याच्या किमतीत दुसरी जुनी गाडी आली असती. अरे, पी०७०० म्हणजे गिअरबॉक्सच्या कंट्रोलकडे काहीतरी तक्रार आहे, एवढंच. पी०७३३ म्हणजे तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, आत काहीतरी घसरतंय. का घसरतंय, हे कोड सांगत नाही. ते शोधायचेच आपण पैसे देतो ना? मला त्याचा अजून राग आहे.

टोचन लावून गाडी कणकवलीला आपल्या मिस्त्रीकडे आणली. त्याने आधी बॅटरी आणि अर्थच्या वायरी तपासल्या. आपल्या खाऱ्या हवेत ते जोड हिरवे पडतात, आणि करंट नीट मिळाला नाही तर गिअरबॉक्समधले सोलेनॉइड, म्हणजे तेलाची वाट उघडबंद करणारे विजेचे व्हॉल्व्ह, वेडेवाकडे वागतात. ते ठीक होतं. मग गिअरबॉक्सच्या तेलाची डिपस्टिक, म्हणजे लेव्हल बघायची पट्टी, काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. तेल लाल आणि पारदर्शक हवं. निघालं ते गुलाबी, दाट, फेसाळ, थेट सोलकढीसारखं. त्याने काही न बोलता कूलंटच्या बाटलीचं झाकण उघडलं, तर वर तेलाचा तवंग. "आधी हो रेडिएटर बदलूक होयो, मगे गिअरबॉक्साचा बघूया," एवढंच म्हणाला.

आपल्या गाडीत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतच बसवलेली आहे. कूलंट वेळेवर न बदलता नुसतं विहिरीचं पाणी भरत राहिलं, की ती आतून कुजते. गाडी चालू असताना तेलाचा दाब जास्त, म्हणून तेल पाण्यात उतरतं. इंजिन बंद केलं की तेलाचा दाब संपतो, पण गरम रेडिएटरमधला दाब टिकून असतो, आणि मग पाणी उलटं गिअरबॉक्समध्ये शिरतं. म्हणजे गाडी दारात उभी असते तेव्हा नुकसान होत असतं! ऑटोमॅटिकला क्लचचं पेडल नसलं तरी गिअरबॉक्सच्या आत क्लच प्लेटा असतात; त्यांच्यावरचं अस्तर कागदासारख्या तंतूंचं असतं, ते पाण्याने फुगतं आणि कूलंटमधल्या ग्लायकॉलने त्याचा डिंक सुटतो. तेलाचं पॅन उतरवल्यावर मी स्वतः बघितलं. चुंबकावरची करडी मळी रोजच्या झिजेची, ती चालते. पण तळाशी अस्तराचे काळे पापुद्रे पडले होते, बोटात धरले की चुरा. मग मात्र गिअरबॉक्स बदलणं भाग होतं.

कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात तो मिळाला. नुसत्या मॉडेलच्या नावावर घेऊ नकोस, गिअरबॉक्सच्या खोक्यावरचा कोड जुळला पाहिजे, आणि थोडं तेल काढून रंग व वास बघूनच पैसे दे. आंब्याच्या पेट्या वाशीला उतरवून परतणाऱ्या टेम्पोत टाकून तो इथे आला.

बसवताना मिस्त्रीने सगळ्यात जास्त वेळ टॉर्क कन्व्हर्टरवर, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या गोल डब्यावर, घातला, आणि मला ते फार आवडलं. फिरवत फिरवत तो आत सरकवायचा, एकेक खाच धरत तो टप्प्याटप्प्याने आत बसतो. पूर्ण न बसता बोल्ट आवळले तर आतला पंप फुटतो, आणि आणलेला गिअरबॉक्स पहिल्याच दिवशी भंगार. जुना कन्व्हर्टर धुऊन वापरायचा नाही, तो सीलबंद असतो, आतली घाण निघत नाही. रेडिएटर नवा, तेलाच्या नळ्या साफ, आणि खोका खाली आहेच तर इंजिनचं मागचं ऑईल सीलही नवं. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. सगळी लाल तेलं सारखी नसतात. शेवटी स्कॅनरने जुनं अडॅप्टेशन, म्हणजे जुन्या गिअरबॉक्सप्रमाणे कॉम्प्युटरने लावून घेतलेली सवय, पुसलं आणि तेल गरम करून, इंजिन चालू ठेवूनच लेव्हल बघितली.

डाव्या गुडघ्यामुळे आप्पांना क्लच दाबवत नाही, म्हणून तर ही गाडी घेतली होती. आता ते पुन्हा एकटे जामसंड्याला जाऊन येतात. त्यांच्यासाठी एवढा खटाटोप मी पुन्हाही करेन.

तर तू उद्या सकाळी, इंजिन थंड असताना, डिपस्टिक आणि कूलंटची बाटली बघ. तेल लाल किंवा नुसतं काळपट असेल तर हे दुखणं वेगळं, कदाचित कमी खर्चाचं, सोलेनॉइड किंवा नुसती तेल-फिल्टरची बदली. गुलाबी निघालं तर गाडी स्टार्टसुद्धा करू नकोस, दर स्टार्टला ते पाणी आणखी आत फिरतं. दोन्हींचे फोटो पाठव, मी मिस्त्रीला दाखवतो. गिऱ्हाईकाला तोवर काही कबूल करू नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
भाई