आबा, तुमच्या त्या वळशासाठी

आदरणीय आबांना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवील, तोवर तुम्ही घाट उतरून कोकणात पोचला असाल. परवा सकाळी आमच्या रानातली वाघर, मेंढरं रात्री कोंडायची ती जाळी, गुंडाळलीत, घोड्यावर बिऱ्हाड लादलंत आणि निघालात. आठ रात्री रानात खतासाठी मेंढरं बसवलीत, आणि जोंधळ्याचं पोतं पुढं केलं तर नुसते हात जोडलेत. तुम्ही ओढा ओलांडेपर्यंत मी बांधावर उभी होते, पण तोंडातून शब्द फुटला नाही. म्हणून आता लिहिते, आणि सगळ्यांसमोर लिहिते, कारण तुम्हाला नावं ठेवली गेली तीही सगळ्यांसमोरच.

"मेंढरांनी माळ खाल्ला" हे साताऱ्याच्या माण तालुक्यात मी लहानपणापासून ऐकत आले. आमचा चार एकरांचा उतार सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे पिकाला निकामी. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी, आम्ही भावंडं पुण्यात. रानाकडं बघायला कुणी नव्हतं. माती वळवाच्या पावसानं धुऊन नेली, मुरूम उघडा पडला. मग 2016 मध्ये झाडं लावणारे आले. त्यांनी आधी जेसीबी फिरवून होती नव्हती ती बोर, हिवर, खैराची झुडपं "कचरा" म्हणून काढली. खड्डे खणले, गिरिपुष्पाची रोपं लावली, पाहुणे आले, फोटो झाले. उन्हाळ्यात पाण्याचा एक टँकर कुणी पाठवला नाही. फोन केले तर साहेब मीटिंगमध्ये. फाल्गुनात रोपांच्या काड्या झाल्या. फलक मात्र अजून उभा आहे.

आणि तुम्ही? कुणी बोलावलं नव्हतं, मानधन नव्हतं. 2018 च्या उन्हाळ्यात अख्खा तालुका टिकाव-फावडी घेऊन डोंगरावर होता, टाकेवाडीनं तर त्या वर्षी पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला नंबर काढला. आम्हीही उताराला आडवे समतल चर काढत होतो. मी जुनी खोडकं उपटायला लागले तेव्हा तुम्ही बांधावरून ओरडलात, "उपटू नको पोरी, मुळं जिती हायती." खाली बसून एका बोरीच्या खोडाची साल नखानं खरवडलीत. आत हिरवी रेघ होती. जेसीबीनं दोन वर्षांपूर्वी तोडलेलं झाड होतं ते.

त्याच दिवशी मी तुम्हाला म्हटलं की तीन पावसाळे इथं मेंढरं घालू नका. खरं सांगते आबा, माझा आवाज चढलेला होता. लोकांनी कान भरले होते की हे ऐकायचे नाहीत, काठीच दाखवावी लागते. तुम्ही फक्त "बरं" म्हणालात.

त्यानंतरचं साल कसं गेलं ते आपल्याला माहीत आहे. पाऊस झाला नाही, दुष्काळ जाहीर झाला, म्हसवडला जनावरांची छावणी लागली. 2019 चा पाऊसही उशिरा आला. आषाढात कुठं आमच्या चरांच्या कडेनं दोन बोटं हिरवं दिसायला लागलं. बाकी सगळा माळ करपलेला. त्याच आठवड्यात तुम्ही परत आलात. मेंढरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. आमच्या रानाला ना तार होती, ना काटेरी कुंपण. मी विहिरीपाशी होते, तुम्हाला दिसत नव्हते.

पुढची मेंढरं हिरव्याकडं वळली. तुम्ही धावत आडवे झालात, काठी आडवी धरून "हुर्र हुर्र" करत अख्खा कळप मागं फिरवलात, आणि ओढ्याच्या अंगानं तो लांबचा वळसा घेतलात. खांद्यावरच्या घोंगड्यात एक लंगडं कोकरू होतं. बघायला कुणी नव्हतं. आत शिरला असता तरी मला कळलं नसतं, आणि कळलं असतं तरी त्या साली कुठल्या तोंडानं बोलले असते? मी विहिरीच्या काठावर बसून रडले, आबा. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढचं निसर्गानं केलं, आणि ते वाचायला तुम्ही शिकवलंत. पहिल्यांदा नुसतं कुसळी गवत आलं तेव्हा मी हिरमुसले. तुम्ही म्हणालात, कुसळी आधी येते, माती धरते, मग मारवेल येतं, पवन्या त्याच्याही मागून. तसंच झालं. बोरीला फुटवे आले, हिवर उठला. आम्ही झाड एकही लावलं नाही. तीन पावसाळे झाल्यावर तुम्ही पहिल्यांदा वाघर लावलीत, गवताचं बी झडून गेल्यावर. सकाळी लेंड्यांमध्ये बाभळीच्या स्वच्छ बिया पडलेल्या दिसल्या, मेंढरांनी रवंथ करताना थुंकलेल्या. एक बी तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलंत. त्यातल्या कितीतरी बिया पुढच्या पावसात उगवल्या. खुरांनी फुटलेल्या मातीत, लेंडीखतावर. खड्डा नाही, टँकर नाही, फलक नाही.

जे माळावर जन्म काढतात त्यांना माळ राखायची अक्कल नसते, असं मोठमोठ्या खुर्च्यांवरून बोललं जातं. माझ्या उतारावर यावं त्यांनी. आता तिथं पहाटे चंडोल गातात, आणि चरांच्या खालच्या अंगाला मूठभर खणलं तर मार्गशीर्षातही ओल लागते. शब्दाला जागणारा एक भुकेला माणूस त्या ओलीमागं आहे. असली माणसं सातबाऱ्यावर कुठं नोंदतात?

मावशींना नमस्कार सांगा. त्यांनी दिलेलं ताक अजून जिभेवर आहे. परत येताना घाटात जपून. गाड्या फार जोरात येतात, कळप रस्त्यावर असताना नातवाला लाल फडकं घेऊन पुढं चालू द्या.

आणि एक. या वर्षी मारवेल कापून खालच्या तालीवर, त्या मोठ्या बांधावर, गंज रचून ठेवली आहे. तिला कुणी हात लावणार नाही. जूनमध्ये परत याल तेव्हा कोवळ्या गवतासाठी तुम्ही पुन्हा वळसा घ्याल, मला माहीत आहे. तो ओढ्याकडून न घेता तालीकडून घ्या. मेंढरं तिथं पोटभर खातील, मग पुढं जा.

तुमची,
वरच्या रानातली पोरगी