डोळ्यांची चुरचुर आणि पडद्याचा दाह

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मधुमेह, वाढतं वय आणि डोळे या विषयावर आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. मधुमेहींच्या डोळ्यांच्या विकारात शरीरातल्या दाहाचा मोठा वाटा असतो, हे त्यातलं मुख्य विधान बरोबर आहे. तरीही लेख वाचून मी अस्वस्थ झाले. अशाच मजकुराचं एक वाक्य माझ्या थोरल्या भावाने दीड वर्षापूर्वी कुठेतरी वाचलं होतं आणि त्याचा जो अर्थ घेतला, त्यात त्यांच्या डाव्या डोळ्याचं बरंच नुकसान झालं.

दादांचं वय 74, मधुमेह 19 वर्षांचा. त्यांचे डोळे संध्याकाळी चुरचुरायचे. 'डोळ्यांचा दाह' हे शब्द वाचल्यावर त्यांना वाटलं, हेच ते. औषधाच्या दुकानातून डोळे ओले ठेवणारे थेंब आणले, चुरचुर थांबली आणि दाह गेला असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. काही महिन्यांनी एका सकाळी उजव्या डोळ्यात थेंब घालून तो मिटून बसले असताना त्यांचं लक्ष समोरच्या दाराच्या चौकटीकडे गेलं. चौकट मधोमध वाकडी दिसत होती. त्यांनी उजवा डोळा उघडला, चौकट सरळ. पुन्हा मिटला, पुन्हा वाकडी. तोवर दोन्ही डोळे उघडे असल्यामुळे चांगला डोळा बिघडलेल्या डोळ्याची बाजू सांभाळून घेत होता आणि दादांना तो वाकडेपणा जाणवलाच नव्हता. नेत्रतज्ज्ञांनी तपासलं तेव्हा डाव्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, जागोजागी रक्ताचे ठिपके होते आणि पीतबिंदूला, म्हणजे ज्या जागेने आपण अक्षरं वाचतो आणि चेहरे ओळखतो त्या जागेला, सूज आली होती.

माझी तक्रार आहे ती 'दाह' या शब्दाबद्दल. वैद्यकीय लेखात तो 'इन्फ्लमेशन'साठी येतो. आपल्या बोलण्यात मात्र दाह म्हणजे आग, जळजळ, लाली. वयस्कर वाचक तो याच अर्थाने वाचणार. ज्यांचे डोळे चुरचुरतात ते थेंब घालून निश्चिंत होतात आणि ज्यांचे चुरचुरत नाहीत त्यांना वाटतं, आपल्याला दाहच नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याला वेदना कळतच नाही. तिथे जे चाललेलं असतं ते दुखत नाही, खुपत नाही, आरशात लाल दिसत नाही. पीतबिंदूपर्यंत पोचेपर्यंत नजरही बहुधा चांगली असते. दादांच्या डोळ्यांची चुरचुर कोरडेपणाची होती. तिचा पडद्याशी काही संबंध नव्हता.

मी तीसेक वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे हे नेमकं घडतं कसं, ते समजून घेतल्याशिवाय मला राहवेना. पडद्यातल्या केशवाहिन्या इतक्या बारीक असतात की त्यांतून रक्तपेशी जवळजवळ एकेरी रांगेने जातात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की या वाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं आणि त्याच्यावर चिकट रेणू उगवल्यासारखे येतात. पांढऱ्या पेशी एरवी तिथून सरळ निघून जायच्या, त्या आता भिंतीला चिकटतात. जिथे पुष्कळ चिकटतात तिथे वाहिनी तुंबते, पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही. भिंतही सैल होते आणि तिच्यातून पाणी, चरबी, रक्त झिरपतं. वाहिन्यांना बाहेरून धरून ठेवणाऱ्या आधारपेशी मरतात, हे 1961 साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नोंदलं गेलं. आधार गेला की त्या जागी वाहिनी फुग्यासारखी फुगते. उपाशी पडलेला पडदा मग रक्तवाहिन्या वाढवणारं एक प्रथिन सोडतो. त्याने नव्या वाहिन्या फुटतात खऱ्या, पण त्या इतक्या नाजूक की एखाद्या दिवशी आपोआप फुटून डोळ्यात रक्त उतरतं. चिकटणं, तुंबणं, झिरपणं, फुटणं, या सगळ्या मालिकेत ज्याचा हात असतो, तो हा दाह. यात जळजळ कुठेच नाही.

वयाचा संबंध दोन बाजूंनी येतो. एक साधी गोष्ट म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा मधुमेह बहुधा जुना असतो, जोडीला रक्तदाब असतो, कधी मूत्रपिंडंही थकलेली असतात. दुसरी म्हणजे वयाबरोबर सगळ्या शरीरात एक मंद दाह वाढत जातो. क्लाउदिओ फ्रान्चेस्की या इटालियन संशोधकांनी 2000 साली त्याला 'इन्फ्लमेजिंग' असं नाव दिलं.

इथवर आलं की वाचक विचारतोच, मग दाह कमी करणारी गोळी घेतली तर? हा प्रश्न साठ वर्षं जुना आहे. 1964 साली दोन डॉक्टरांच्या लक्षात आलं, की संधिवातासाठी अ‍ॅस्पिरिनच्या जातीची औषधं घेणाऱ्या मधुमेहींमध्ये पडद्याचा विकार कमी दिसतो. आशा वाटावी असंच होतं ते. पुढे अमेरिकेत 3711 रुग्णांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना रोज 650 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. 1991 साली निष्कर्ष आला: पडद्याच्या विकारावर अ‍ॅस्पिरिनचा काही परिणाम नाही, चांगलाही नाही, वाईटही नाही. डोळ्यातला रक्तस्रावही त्याने वाढला नाही. म्हणजे ज्यांना हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू आहे त्यांनी डोळ्याच्या भीतीने ती परस्पर बंद करू नये, आणि डोळ्यासाठी म्हणून कुणी सुरूही करू नये. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पांढऱ्या पेशींना चिकटू न देणारा जनुकीय बदल केलेले उंदीर या विकारातून बरेचसे वाचले होते. दाह हे कारण खरं आहे, हे त्यावरून पटतं. पण कारण खरं ठरलं म्हणून हाताशी असलेली कुठलीही दाहशामक गोळी त्यावर लागू पडत नाही. गुडघेदुखीच्या गोळ्या दाहशामकच असतात, आणि त्या मनाने घेत राहिल्या तर म्हाताऱ्या मधुमेहीच्या मूत्रपिंडांना त्या धोकादायक ठरू शकतात. दादा त्याही घेत होते. हे आम्हाला नंतर कळलं.

रक्ताच्या तपासण्यांचंही तसंच. आपल्या लेखात सीआरपी, म्हणजे शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं एक प्रथिन, आणि पांढऱ्या पेशींच्या प्रकारांचं गुणोत्तर यांचा उल्लेख आहे. शेकडो माणसांची सरासरी काढली की या आकड्यांचा पडद्याच्या विकाराशी संबंध दिसतो, हे मी नाकारत नाही. पण एका माणसाच्या बाबतीत हिरड्या सुजल्या, छातीत कफ झाला, सांधे धरले, तरी हे आकडे चढतात. आणि आकडा चांगला आला म्हणून पडदा चांगला आहे असं मुळीच नाही. दादांचा सीआरपी तेव्हा मर्यादेत होता. तो कागद त्यांनी मला अभिमानाने दाखवला होता.

पडदा पाहायचा तर तो पडदाच पाहावा लागतो. डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करायची, अर्धा तास बसायचं आणि डॉक्टरांनी आत बघायचं. टाइप 2 मधुमेह असेल तर निदान झाल्याबरोबर एकदा आणि नंतर साधारण दरवर्षी, विकार आढळला तर डॉक्टर सांगतील तितक्या लवकर. कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो काढायची सोयही आता आहे, पण वयाने बाहुली लहान झालेली असते, मोतीबिंदूचा धुरकटपणा असतो, त्यामुळे म्हाताऱ्या डोळ्यांचे फोटो पुष्कळदा अस्पष्ट येतात. फोटो नीट आला नाही म्हणजे काही सापडलं नाही, असा समज करून घेऊ नये.

दादांची ही तपासणी 19 वर्षांत एकदाही झाली नव्हती. साखर मोजली जायची, रक्तदाब मोजला जायचा. दिसायला अंधूक वाटलं तेव्हा तीन वेळा चष्म्याचा नंबर बदलून मिळाला. साखर वरखाली झाली तरी नंबर बदलतो, पण ज्याने नंबर काढून दिला त्याने मधुमेह आहे का हेही विचारलं नाही. आम्ही घरचे 'मोतीबिंदू पिकत असेल' म्हणून गप्प बसलो. त्यात माझाही दोष आहे आणि तो मला लागून राहिला आहे. मोतीबिंदू असलाच तरी मधुमेहीने शस्त्रक्रियेआधी पडदा तपासून घ्यायला हवा. पडद्याला आधीच सूज असेल तर शस्त्रक्रियेनंतर ती वाढू शकते.

म्हातारी माणसं ही तपासणी का टाळतात, हेही मला आता कळलंय. थेंब घातल्यावर काही तास जवळचं दिसत नाही, उजेड सहन होत नाही, एकट्याने परतणं अवघड जातं. सोबत कुणीतरी लागतं. आणि कुणाला रजा काढायला लावायची, हा संकोच त्यांच्या पिढीत फार खोल आहे. "मला चांगलं दिसतंय, कशाला तुमची धावपळ?" हे वाक्य दादांनी मला किती वेळा ऐकवलं याची गणती नाही. त्यामुळे तपासणीची आठवण करताना "मी सोबत येते" हेही सांगायला हवं. नुसत्या आठवणीने ते उठत नाहीत.

उपाय आहेत. पीतबिंदूच्या सुजेवर डोळ्यात इंजेक्शन देतात, त्या वाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाला अडवण्यासाठी. ऐकायला भयंकर वाटतं, पण डोळा आधी बधिर करतात आणि काम काही मिनिटांत आटोपतं. काहींना डोळ्यातच स्टेरॉइड ठेवतात. खऱ्या अर्थाने दाह शमवणारं औषध हेच, मात्र त्याने डोळ्याचा दाब वाढू शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. नव्या वाहिन्या फुटल्या असतील तर लेझर. नजर गंभीरपणे जाण्याचा धोका त्याने निम्म्याहून कमी होतो, हे 1976 पासून सिद्ध आहे. रक्तदाबाकडे तर आपण डोळ्यांच्या संदर्भात बघतच नाही. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या अभ्यासाचे निष्कर्ष 1998 साली आले, तेव्हा रक्तदाब काटेकोर ताब्यात ठेवलेल्या मधुमेहींमध्ये पडद्याचा विकार पुढे सरकण्याचं प्रमाण 34 टक्क्यांनी कमी होतं. साखरही ताब्यात हवीच. पण वयस्कर माणसाची साखर घाईघाईने खाली ओढण्यातही जोखीम आहे. ती फार उतरली तर माणूस चक्कर येऊन पडतो, आणि एकदम सुधारली तर पडदा काही काळ उलट बिघडू शकतो. किती आणि किती वेगाने, हे डॉक्टरांवर सोडावं.

दादांच्या डाव्या डोळ्याला आतापर्यंत सात इंजेक्शनं झाली. सूज उतरली, चौकट बरीचशी सरळ झाली, वाचन मात्र त्या डोळ्याने परत आलं नाही. उजव्या डोळ्यातही सुरुवातीच्या खुणा सापडल्या, पण वेळेत.

म्हणून आपल्याला विनंती, की या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा 'दाह' शब्दाच्या शेजारीच स्पष्ट लिहा: हा दाह जाणवत नाही, आणि डोळ्यात घालायच्या थेंबांनी जात नाही. एक डोळा झाकून दुसऱ्याने दाराची चौकट किंवा छापील ओळ पाहायची सवयही वाचकांना लावा. रेषा वाकडी दिसली, डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके किंवा जाळी तरंगू लागली, मधोमध डाग दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायला सांगा. काहीही दिसत नसलं तरी वर्षातून एकदा पडदा तपासायचाच, हेही त्याच मजकुरात असू द्या. आणि हे सगळं मोठ्या टाइपात छापा. ज्यांच्यासाठी ते आहे, त्यांना बारीक अक्षर वाचता येत नाही.

कळावे,
आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका