रुग्ण घरी आल्यानंतर तो कोणाचा? सोलापूरच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पालकमंत्री, सोलापूर जिल्हा, यांस,

सविनय नमस्कार.

हे पत्र आरोग्यमंत्र्यांना न लिहिता मी आपल्याला लिहीत आहे, कारण ज्या प्रश्नाबद्दल मला बोलायचे आहे तो एकट्या आरोग्य खात्याचा नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, नागरी आरोग्य केंद्रे महापालिकेकडे, खेड्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, निराधार व वृद्धांचे अनुदान तहसील कार्यालयाकडे आणि दिव्यांगांचे विषय २०२२ च्या अखेरीस स्थापन झालेल्या स्वतंत्र विभागाकडे आहेत. या सर्वांना एकत्र बसवून जाब विचारू शकेल असे जिल्ह्यातील एकमेव पद, जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष या नात्याने, आपले आहे.

आम्ही सोलापूर शहराच्या पूर्वभागातले, म्हणजे विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतले. घरात तेलुगू बोलतो आणि आईला अम्मा म्हणतो. अम्माने चाळीस वर्षे विड्या वळल्या. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी तिला पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. शहरातील एका रुग्णालयातील डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी तिला वाचवले, हे मी आयुष्यभर विसरणार नाही. बाराव्या दिवशी तिला घरी सोडताना हाती पडलेल्या कार्डावर औषधांची नावे आणि ‘फिजिओथेरपी चालू ठेवावी, दोन आठवड्यांनी दाखवावे’ एवढेच इंग्रजीत लिहिले होते. ती फिजिओथेरपी कोठे करायची, अम्माला माडीवरून खाली कसे उतरवायचे, तिला भरवायचे कसे आणि अंथरुणात वळवायचे किती वेळाने, हे आम्हाला कोणी सांगितले नाही, आणि काय विचारायला हवे होते हेही आम्हाला ठाऊक नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या पाठीला जखम झाली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, ही गोष्ट मला ती जखम चिघळून अम्माला पुन्हा दाखल करावे लागले तेव्हा कळली. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत आशाताई रक्तदाबाच्या सर्वेक्षणासाठी येऊन गेल्या होत्या. आमच्या दारावरून त्या गेल्या, पण आत पक्षाघाताची रुग्ण आहे हे त्यांना समजण्याचा कोणताही मार्ग नव्हता. रुग्णालयाने आपले काम केले होते, आशाताई आपले करत होत्या. फक्त एकाचा निरोप दुसऱ्यापर्यंत पोचवणे हे कोणाचेच काम नव्हते.

अनुदानाच्या अर्जासाठी वयाचा, रहिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला जोडला. पुढे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी गेलो तेव्हा त्यातील बहुतेक कागद पुन्हा नव्याने मागितले गेले. पक्षाघातानंतर सुधारणेची वाट पाहून काही महिन्यांनी हे प्रमाणपत्र देतात, त्यामागे वैद्यकीय कारण आहे आणि ते मला मान्य आहे. परंतु त्या महिन्यांत कुटुंबाने काय करावे याचे उत्तर कोणत्याच खिडकीवर मिळत नाही. (वृद्धांना हे मासिक अनुदान देणाऱ्या श्रावणबाळ योजनेसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये आहे. हा राज्याच्या धोरणाचा स्वतंत्र विषय आहे, तरी आपण मंत्रिमंडळात आहात म्हणून नोंदवून ठेवते.)

हे सगळे जोडता येत नाही असे मात्र कोणी म्हणू नये, कारण क्षयरोगाच्या बाबतीत आपल्याच यंत्रणेने ते जोडून दाखवले आहे. क्षयरुग्णाची नोंद एकदा ‘निक्षय’ या सरकारच्या ऑनलाइन प्रणालीवर झाली की तो रुग्णालयातून घरी गेला तरी यंत्रणेच्या नजरेआड होत नाही. त्याच्या भागातील आरोग्य कर्मचाऱ्याला त्याची माहिती असते, औषधे चालू आहेत की नाहीत हे पाहिले जाते, आणि पोषणासाठीची रक्कम, जी २०१८ मध्ये महिना ५०० रुपये होती आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून १,००० रुपये झाली, त्याच नोंदीच्या आधारे थेट बँक खात्यात जमा होते. औषध, घरभेट आणि पैसा या तिन्हींना एकच नोंद पुरते. तंबाखूच्या धुळीत आणि यंत्रमागाच्या तंतूंत आयुष्य काढलेल्या या शहरात क्षयरोगाव्यतिरिक्तही माणसे अंथरुणाला खिळतात. त्यांच्यासाठी अशी नोंद का असू नये?

माझी मागणी मर्यादित आहे. दुसऱ्याच्या आधाराशिवाय ज्याला उठता येत नाही असा रुग्ण घरी जाण्याच्या आदल्या दिवशी रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाने एक पानी माहितीपत्र भरावे, ते रुग्णाच्या भागातील आरोग्य केंद्राला आणि तहसील कार्यालयाला पाठवावे, आणि तीन दिवसांच्या आत परिचारिका किंवा आशाताईंनी घरी जाऊन नातेवाइकांना शुश्रूषा हाताने करून दाखवावी. सूचना मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही असाव्यात, कारण या शहरात रात्री रुग्णाशेजारी जागणारी बाई बहुधा यांपैकीच एखादी भाषा वाचते. आशाताईंवर हे काम सोपवण्याआधी त्याच्या मोबदल्याची तरतूद करावी. आधीच ढीगभर नोंदवह्या सांभाळणाऱ्या बाईच्या पिशवीत आणखी एक फुकट टाकून कोणतीही योजना चालणार नाही, आणि चालू नये.

सुरुवात पूर्वभाग आणि कुंभारी येथून करावी. कुंभारीत विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत २००६ पासून आहे आणि तिच्या जोडीला रे नगर या कामगारांच्या तीस हजार घरांच्या प्रकल्पातील पहिली पंधरा हजार घरे २०२४ च्या जानेवारीत लोकांना मिळाली. तेथे जाणारा कामगार महापालिकेची हद्द ओलांडून दक्षिण सोलापूर तालुक्यात, म्हणजे जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेवेत जातो, पण त्याचा कारखाना, नातेवाईक आणि सवयीचा दवाखाना शहरातच राहतात. शहरात उपचार घेऊन तेथे परतलेला पक्षाघाताचा रुग्ण महापालिकेने पाहायचा की जिल्हा परिषदेने, हे लेखी ठरलेले असायला हवे.

दरवर्षी आषाढीला याच जिल्ह्यात महसूल, आरोग्य, पोलीस, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि मंदिर समिती महिनाभर आधीपासून एका आराखड्यावर काम करतात, आणि लाखो वारकऱ्यांपैकी कोणी आजारी पडला तर तो कोणत्या खात्याचा हे विचारत कोणी थांबत नाही. त्या आराखड्याचा आढावा ज्या बैठकांत आपण घेता, त्या बैठकांचे अधिकारी तेच आहेत ज्यांना मी वर सांगितलेले एक पान एकमेकांना पाठवायचे आहे.

अम्मा आता काठी घेऊन चार पावले चालते. उजवा हात उचलत नाही. आमच्या गल्लीत गेल्या महिन्यात आणखी एक गृहस्थ अशाच आजारातून घरी आले, आणि त्यांची सून मला विचारायला आली की कूस किती वेळाने बदलायची. ते मी तिला शिकवले. जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, त्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर नावानिशी सोपवावी आणि ते नाव पूर्वभागातील प्रत्येक आरोग्य केंद्राच्या फलकावर लावावे, अशी आपणास विनंती आहे.

आपली विश्वासू,
एका विडी कामगार स्त्रीची मुलगी
पूर्वभाग, सोलापूर